पेन्सिलीच्या रेघा

हर्सूलच्या बाजूला खोली शोधत मी तोवर सात-आठ घरं फिरले होते. आडनाव काय, एकटीच राहणार का, लग्नाचं कधी बघताय, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मला पाठ झाली होती. बाईंनी यातलं काहीच विचारलं नाही. गच्चीवरच्या खोलीचं कुलूप काढता काढता त्या म्हणाल्या, "वर येताना पायऱ्या किती लागल्या?"

मी म्हणाले, असतील पंधरा-वीस.

"असतील म्हणजे? आत्ता चढून आलीस ना?"

"मोजल्या नाहीत."

"मग मोजून ये."

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि कुणी हुकूम सोडला की माझं डोकं तडकायचं. पण पाय दुखत होते आणि खोलीला दोन खिडक्या होत्या. खाली गेले, परत वर आले. सतरा.

"परत मोज," बाई म्हणाल्या. "एकदा मोजलेलं खरं धरायचं नाय."

दुसऱ्यांदाही सतराच भरल्या आणि खोली मला मिळाली.

सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणायची. साठी ओलांडलेल्या, एकट्या, अंगानं किरकोळ, केसांचा बारीक अंबाडा आणि त्या अंबाड्यात कायम एक पेन्सिल. धरणं-कालव्यांचं काम बघणाऱ्या एका कचेरीत त्या ट्रेसर होत्या. ट्रेसर म्हणजे गिरवणारी. साहेबांनी पेन्सिलीनं नकाशा काढायचा, बाईंनी त्यावर पातळ, खळ दिलेलं ट्रेसिंगचं कापड ताणायचं आणि खालची रेघ न् रेघ शाईनं वर उतरवायची. जाड तिथं जाड, तुटक तिथं तुटक. आपल्या पदरचं काही घालायचं नाही. तीस वर्षं हेच. नोकरी संपली त्या दिवशी घरी येऊन पलंगावर पडल्या, अंगावर गोधडी ओढली आणि तिच्यावरची फुलं बघत राहिल्या. आईच्या लुगड्यांची, मावशीच्या पातळांची फुलं. कुठल्या तरी मिलमध्ये कुणीतरी काढलेली.

"म्हटलं, कचेरीत दुसऱ्याच्या रेघा, अंथरुणात दुसऱ्याच्या रेघा. मग आपली कुठाय?"

तर बाईंनी ठरवलं की जिच्यावरची एकूण एक रेघ आपण काढलेली आहे अशी एक गोधडी करायची. एकच. विकायला नाही, प्रदर्शनात मांडायला नाही, कुणाच्या बारशाला द्यायलाही नाही. पांघरायला. मी राहायला गेले तेव्हा हे काम सुरू होऊन सहा-सात वर्षं झाली होती.

मला हे हास्यास्पद वाटलं होतं, ते आधीच सांगून टाकते. आम्ही चार-सहा जण पाण्याच्या प्रश्नावर काम करत होतो. मोर्चे, निवेदनं, चौकसभा. पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे. आदल्या वर्षी पाऊस झाला नव्हता, खेड्यांतून माणसं शहराकडं येत होती, शहर जळगाव रोडनं शेतं गिळत चाललं होतं, आणि इथं एक पेन्शनर बाई गोधडीवर काय काढावं याचा विचार करत बसलेली.

कापड म्हणजे मांजरपाट, आणि तो त्या पाचोडच्या बाजारातून आणायच्या, एसटीनं जाऊन. दुकानदारानं मोजला की पिशवीतून स्वतःची स्टीलची पट्टी काढून त्याच्या समोर परत मोजायच्या. शिसवी लाकडाचे ठोकळे स्वतः कोरायच्या. दाराच्या आडोशाला एका मडक्यात गंजके खिळे, जुने नाल आणि गूळ घालून पाणी कुजत ठेवलेलं असायचं. त्याचा पक्का काळा रंग होतो. वासही तसाच पक्का. गल्लीत बोलवा होती की बाई गाळतात. एक गृहस्थ खरंच एकदा ग्लास घेऊन आले होते, तर बाईंनी मडक्यावरचं फडकं उचलून दाखवलं आणि विचारलं, "दात काळे होतील, चालंल का?"

मोर, कैरी आणि कमळ यांना बंदी. ते बाजारात मिळतंय, मी कशाला काढू, असं त्यांचं म्हणणं. बाईंच्या कापडावर दारांपुढं रांगेनं ठेवलेले ड्रम असत. हर्सूलच्या तळ्याच्या तळाला पडलेल्या भेगा असत. अर्ध्यावर राहिलेल्या इमारतीतून वर आलेल्या सळया असत. प्लॉट पाडताना शेतात फक्कीनं आखतात ते पांढरे चौकोन असत. संध्याकाळी फिरायला गेल्या की बाई ते प्लॉट पावलांनी मोजून यायच्या आणि कुणी कुणाला किती फसवलं ते मला सांगायच्या.

पण सगळ्यात विचित्र गोष्ट पुढंच होती. समोरच्या काकूंनी कधीतरी सुरुवातीलाच त्यांना हटकलं होतं. काकू म्हणजे गल्लीचं न्यायालय. त्या म्हणाल्या, बाई, कोऱ्या कापडाची कुठं गोधडी असती व्हय? गोधडी अंगावर जिरलेल्या कापडाची. कोरं कापड ऊब देत नाय, नुसतं जड होतं.

हे बाईंना पटलं. कुणाचं म्हणणं पटलं की त्या ते शेवटपर्यंत नेत. त्यांनी छापलेलं कापड वाटायला सुरुवात केली. दूधवाल्याला पंचा, काकूंना उशीचे अभ्रे, कोपऱ्यावर पाण्याचे थंड जार विकणाऱ्या भाईला खांद्यावरचा रुमाल. वापरा, दोन उन्हाळे वापरा, मग परत द्या. लोकांना वाटायचं, म्हातारीनं भेट दिली. दुसरा उन्हाळा संपला की बाई दारात. काकूंच्या जावयाला त्यांनी सणाच्या दिवशी दुपारच्या झोपेतून उठवलं, डोक्याखालचा अभ्रा काढून घेतला, बदल्यात बाजारातला नवा अभ्रा घातला आणि म्हणाल्या, झोपा आता. जावई नंतर झोपलाच नाही म्हणे.

मला दुपट्टा मिळाला. काळ्या, आखूड, आडव्या रेघा, एकीखाली एक. मला ते साधे पट्टे वाटले. महिनाभरानं सिटी बसमध्ये बसल्या बसल्या सहज मोजले तर रेघांचे झुबके होते, आणि प्रत्येक झुबक्यात सतरा.

गोधडीच्या आतल्या थराला त्यांनी कचेरीतून भंगारात निघालेले जुने नकाशे घेतले होते. ट्रेसिंगचं कापड पाण्यात भिजवलं की खळ सुटते, शाई सुटते आणि खाली तलम सुती कापड उरतं. तरी नीट बघितलं तर कुठं कुठं पुसट रेघ राहतेच. "आत असू दे," बाई म्हणायच्या. "वर माझं."

रोज सकाळी चहाच्या आधी त्या एक लांब वही उघडायच्या. मडक्यातला काळा रंग दौतीत, हातात टाक, आणि पट्टी न लावता पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक रेघ. एकच. मग वही डोळ्यांसमोर आडवी धरून बघायच्या आणि म्हणायच्या, "आहे अजून." म्हणजे हात आहे अजून. त्यांच्या वडिलांचा हात साठीनंतर कापायला लागला होता, आजोबांचाही. आपला किती दिवस आहे हे त्या वहीला विचारायच्या. मी दात घासत गच्चीवरून ते बघायची आणि मला हसू यायचं.

एका दुपारी मी त्यांच्या ओसरीवर बसून सरकारी अधिकाऱ्यांना शिव्या घालत होते. बाई मोठा ठोकळा कोरत होत्या. मध्येच त्यांनी छिन्नी न थांबवता सांगितलं की एका चारीच्या नकाशात तळाच्या पातळीचा आकडा चुकलेला त्यांच्या लक्षात आला होता. चारी म्हणजे कालव्यातून गावांकडं जाणारी पाण्याची लहान वाट. त्यांनी साहेबांना दाखवलं. साहेब म्हणाले, बाई, तुम्ही गिरवा.

"मग?"

"मग गिरवलं. चारी खणली तशीच. शेवटच्या गावाला पाणी गेलं नाय. अजून जात नाय."

मी भडकले. लेखी का नाही दिलं, वर का नाही गेलात, पेपरात का नाही. दहा मिनिटं बोलले असेन. शेवटी म्हणाले की चूक दिसत असून गप्प बसणारा चूक करणाऱ्याइतकाच दोषी असतो. हे वाक्य माझंच होतं, एका पत्रकात वापरलेलं, टाळ्या मिळवलेलं.

बाईंनी छिन्नी थांबवली. "व्हय," म्हणाल्या. "तितकाच." आणि ठोकळा माझ्याकडं फिरवला. त्यावर ती चारी होती. गोधडीच्या बरोबर मधल्या जागेसाठी. बाकी सगळी कापडं छापून झाली होती, काही लोकांच्या अंगावर जिरत होती, ही एक राहिली होती. यावेळी पातळी बरोबर धरली होती आणि रेघ शेवटच्या गावापर्यंत आखलेली होती. निम्मी कोरून झाली होती. या उन्हाळ्यात छापायची, मग दोन उन्हाळे स्वतः खांद्यावर घ्यायची, मग जोडायची. तोवर हात राहिला की झालं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

हे सगळं मला माहीत होतं. पुढचं वाचताना ते लक्षात ठेवावं.

त्या उन्हाळ्यात नळ नावाला राहिला. आठवड्याला टँकर यायचा, तोही कधी यायचा, कधी पुढच्या गल्लीत रिकामा व्हायचा. दारादारांत दोनशे लिटरचे निळे ड्रम आणि टँकर दिसला की आरडाओरडा. आम्ही पत्रक काढायचं ठरवलं: पाणी कुठं मुरतंय? तीन ठिकाणं पक्की झाली. एक बिल्डर, जो स्लॅबवर पाणी मारत होता. एक गाड्या धुण्याचं सेंटर. एका बंगल्याची हिरवळ. तेवढ्यात आमच्यातला एक जण हसून म्हणाला, "अन् तुझ्या मालकिणीचं काय? गल्लीत म्हणतात, ड्रमच्या ड्रम पाणी कापडं धुवायला लागतं तिला. की आपल्या माणसांना माफी?"

मला ते लागलं. ड्रम मी पाहिले होते. बाईंच्या दारात दोन असत, एकात कायम कापड भिजत असायचं, आणि सकाळी गटारातून तपकिरी पाणी वाहताना मी रोज ओलांडून जायची. मी तिथल्या तिथं चौथा परिच्छेद लिहिला. आमच्याच गल्लीत एक निवृत्त सरकारी कर्मचारी हौसेखातर रोज दोन ड्रम पाणी गटारात ओततात. बाया हंडाभर पाण्यासाठी उन्हात उभ्या आणि इथं पाण्याला रंग चढतोय. हे शेवटचं वाक्य सुचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. मी ते दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळे म्हणाले, घरापासून सुरुवात करायला धमक लागते. मला ती धमक आहे असं वाटलं.

पत्रक मी स्वतः घरोघर वाटलं. बाईंचं दार तेवढं सोडलं. यावरून काय ते समजावं.

संध्याकाळी बाई सतरा पायऱ्या चढून वर आल्या. हातात पत्रक आणि ती स्टीलची पट्टी. काकूंनी दिलं होतं.

"रोज दोन ड्रम लिहिलंस. मोजलंस?"

मी म्हणाले, बाई, प्रश्न मोजण्याचा नाही, तत्त्वाचा आहे.

"तत्त्व किती लिटरचं असतं?"

मी म्हणाले की तुमचं नाव कुठंही लिहिलेलं नाही.

"व्हय. नाव नाय." त्यांनी पत्रक माझ्या कॉटवर ठेवलं, त्याची कड कॉटच्या कडेला बोटानं समांतर केली आणि खाली गेल्या. काही खुलासा केला नाही. माझ्या हिशेबी गप्प बसणं म्हणजे कबुली. दुसऱ्याच्या गप्प बसण्याचे मी तेव्हा हवे ते अर्थ लावायची.

चार दिवसांनी टँकर आला. पाइप काकूंच्या हातात होता. बाईंच्या दारात त्यांनी पहिला ड्रम निम्मा भरला आणि पाइप पुढं ओढला. रंगाला पाणी नाय मिळणार, बाई, म्हणाल्या. लेकरं तहानलीत. कुणीतरी मागून म्हणालं, गोधडी पिळून प्या म्हणावं. गल्ली हसली. बाई "बरं" म्हणाल्या आणि ड्रमवर झाकण ठेवलं.

दुपारी त्यांनी मडकं दोन्ही हातांनी उचलून गटारात पालथं केलं. वर्षानुवर्षं मुरवलेला काळा रंग. तो वास दोन दिवस गेला नाही. ठोकळे एका जुन्या धोतरात बांधले आणि पलंगाखाली सारले, चारीचा अर्धा कोरलेला ठोकळा सगळ्यात वर. मडकं पालथं होताना मी गच्चीवरून बघत होते. त्या रात्रीच्या बैठकीत मी अहवालात लिहिलं: एका ठिकाणचा अपव्यय थांबला.

एकदा मी जाता जाता म्हणाले, बाई, कोरायला कुठं पाणी लागतं, तेवढं चालू ठेवा की. त्यांनी सांगितलं, अगदी शांतपणे, की कोरता कोरता छाप घेऊन बघावा लागतो, छाप घेतला की धुवावं लागतं, त्याशिवाय रेघ कुठं चुकली ते कळत नाही. "न बघता कोरणं म्हणजे परत गिरवणंच की."

पावसाळा तोंडावर आला, ढग येऊन जात होते. आम्ही जारवाल्या भाईच्या दुकानापुढं उभे राहिलो. त्याच्या फिल्टरमधून जितकं गोडं पाणी निघायचं तितकंच खारट पाणी मागच्या बाजूनं गटारात सुटायचं. घोषणा माझ्या, कर्णा माझ्या हातात. भाई बाहेर आला, हात पुसत. त्याच्या खांद्यावर बाईंनी दिलेला रुमाल होता. मला बघून तो माझ्याशीच बोलला.

"ताई, ये फेकने का पानी तो तुमारी मालकीण लेको जाते थे. रोज सकाळी दोन कॅन. छकड्यावर ठेवून, स्वतः ओढत. सहा बरस. बोलते थे, भाई, खारं असू दे, माझ्या रंगाला चालतं, लोकांचं पानी नक्को. टँकरच्या ड्रमाला कधी हात लावला नाय त्यांनी. धुतलेलं पण पुन्हा वापरायच्या, अन् अगदीच खराब झालं की गटारीत." तो जरा थांबला. "तुमचा पर्चा निकला, मग लोकं हसायला लागले, बाई जारचं पानी बी रंगाला का म्हणून. तबसे बंद. अब जाता पूरा गटार में. चिल्लाव अब."

मी त्याच्या रुमालाकडं बघत होते. त्यावर छाप होता: दोन कॅन, एक छकडा. दोन कॅन, एक छकडा. सबंध रुमालभर. वर्षभर तो रुमाल मी रोज पाहत होते. कॅनसुद्धा पाहत होते, जिन्याखाली उलटे टाकलेले असायचे, माझ्या पायात यायचे.

आमची माणसं गोंधळली, मग घोषणा चालू झाल्या. माझ्याशिवाय.

बैठकीत मी म्हणाले, दुरुस्ती काढावी लागेल. कुणी दुष्टपणे बोललं नाही, हे सांगायला हवं. सगळे शांतपणे म्हणाले की एका परिच्छेदाची दुरुस्ती काढली तर लोक बाकीचे तीनही विचारतील. ते तरी मोजलेत का? बिल्डरचं पाणी कुणी मोजलं होतं? बंगल्याचं? कुणीच नाही. तेही मीच लिहिले होते, असतील इतके, असतील तितके. बिल्डरच्या हाती कोलीत द्यायचं का, एवढाच प्रश्न होता. मी म्हणाले, नको द्यायला. चळवळ मोठी, बाई एकटी, असा विचार मी केला आणि तो मला जड गेला नाही.

बाईंनाही काही सांगितलं नाही. रोज त्यांच्या ओसरीवरून जायची, त्या "आलीस का" म्हणायच्या, मी "आले" म्हणायची. दोन महिन्यांनी कामाला सोयीचं पडतं म्हणून मी सिडकोत खोली घेतली. निघताना बाई जिन्याखाली उभ्या होत्या. "दुपट्टा अजून एक उन्हाळा," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला. दुसरा उन्हाळा संपला, म्हणाल्या.

मी दुपट्टा धुऊन, घडी करून नेला. गल्ली ओळखू येईना. कोपऱ्यावर जारवाल्याचं दुकान नव्हतं, तिथं पत्रे लागले होते आणि आत खड्डा खणला होता. पाच मजली होणार म्हणे. बाईंचं दार तेच. पलंगावर गोधडी पसरलेली होती. मी ती पहिल्यांदाच अशी एकत्र बघितली. ड्रम, भेगा, सळया, फक्कीचे चौकोन, अभ्रे, पंचे, रुमाल, सगळं कुणाकुणाच्या अंगावर मऊ पडलेलं. कडेला एक पट्टी मोकळी होती, ती माझ्या दुपट्ट्याची, हे बघताच कळलं. आणि बरोबर मध्ये एक चौकोन उघडा. त्याच्या चारी कडा दुमडून शिवून टाकल्या होत्या. आतलं धुतलेलं ट्रेसिंगचं कापड तिथून दिसत होतं आणि त्यावर कुणाची तरी पुसट, निळसर रेघ.

समोरच्या काकूही गोधडी बघायला आल्या होत्या. हात फिरवून फिरवून बघत होत्या. स्वतःचे अभ्रे सापडले तेव्हा हसल्या. मग त्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाल्या, "मधीच काहून सोडलं, बाई?"

"त्या वर्षी पाणी नव्हतं," बाई म्हणाल्या.

"व्हय माय. लई वाईट साल गेलं ते." काकू उसासल्या. पाइप आपल्या हातात होता हे त्यांच्या आठवणीतही नव्हतं. त्यांना ते लक्षात असण्याचं कारण नाही. त्यांनी कागदावर छापलेलं वाचलं आणि खरं मानलं. लिहिणारी दोन हात अंतरावर बसली होती, मांडीवर दुपट्टा घेऊन. बाईंनी माझ्याकडं बघितलंही नाही. तोंड उघडायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती. काकू अजून दहा मिनिटं बसल्या, जावयाचा किस्सा सांगून हसल्या, गेल्या. मी हसले त्यांच्याबरोबर.

त्या गेल्यावर मी म्हणाले, "बाई, मला जारवाल्या भाईनं सांगितलं होतं. तेव्हाच."

"माहितीय. तुला सांगितल्याचं त्यानंच मला सांगितलं."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत."

"वाट बघितली."

त्या चहा करायला उठल्या. कप आणेपर्यंत बशी वाजत होती. आधी मला वाटलं, बशीच वेडीवाकडी आहे. मग त्यांनी दुपट्टा माझ्या हातातून घेतला, उजेडात धरला, आणि तोही हलत होता. चांगला जिरलाय, म्हणाल्या. मी म्हणाले, यातलाच एक तुकडा मधे लावा ना, रेघा तुमच्याच आहेत. त्यांनी मान हलवली. "ती जागा पायऱ्यांची नाय." ठोकळ्याचं मी विचारलं नाही. पलंगाखाली धोतराचं गाठोडं तसंच होतं, गाठ न सोडलेलं.

"ती वही घे," बाई म्हणाल्या. "कोनाड्यातली."

मी वही उघडली. पानामागून पान काळ्या रेघा, एकाखाली एक, दोरीनं आखल्यासारख्या. मग एका पानावर, मधेच, काळी रेघ संपून पेन्सिलीची सुरू झाली होती. मडकं पालथं केलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. कोरणं थांबलं होतं, छापणं थांबलं होतं, पण रेघ थांबली नव्हती. रोज एक. आणि पेन्सिलीची असली तरी सरळ. अगदी सरळ. पानं उलटत गेले, उन्हाळा गेला असेल, पावसाळा गेला असेल, मी सिडकोत सामान हलवलं असेल, रेघ सरळ. हात होता. वापरायला काही नव्हतं, तरी हात होता. मग पुढं एका पानावर रेघ उजव्या कडेला किंचित लवली. तिच्या खालची जास्त. त्यानंतरची पानं मला बघवली नाहीत.

"शाई संपली तिथपासून," बाई म्हणाल्या, "पहिली हललेली रेघ येईस्तोवर. मोज."

मी बोट ठेवून मोजू लागले. बाई समोर बसून होत्या, घाई नव्हती त्यांना. बाहेर खड्ड्यात मशीन चाललं होतं. मधे एकदा मी चुकले आणि परत पहिल्यापासून धरलं.

"दोनशे एक्केचाळीस," मी म्हणाले.

बाईंनी कप दोन्ही हातांनी धरून खाली ठेवला. तरी बशी वाजलीच.

"परत मोज," म्हणाल्या.